परदेशातून: खाली उतरायची पायरी

2025च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा, हंगाम थांबवून ठेवल्याची बातमी आली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवशी पोह्यांचे फोटो बाजूला पडले आणि फुटबॉल सुरू झाला. माझा भाचा पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळतो. त्याचं म्हणणं असं, की लीगचे मालक आधीच तोट्यात आहेत. त्यात शेवटच्या नंबरच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलायचा नियम आणला, तर पैसे लावायला कोण उभं राहणार? संघ कमी ठेवा, श्रीमंत ठेवा, खाली जायची भीती ठेवू नका. मी विरोध केला तेव्हा तो म्हणाला, "आत्या, तू तिकडे युरोपात बसून बोलतेस."

खरं आहे, मी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये बसून बोलते. गेली बारा वर्षं मी काम्पो दी मार्ते भागात राहते आणि स्टेडियम घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण मला वाटतं, नेमकं याच गावातून बोलायचा मला अधिकार आहे. पुण्याच्या आणि या गावाच्या फुटबॉलची एकदा सोयरीक झाली होती.

2014मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा त्यातल्या एफसी पुणे सिटी या संघाची भागीदार होती फिओरेन्तीना, इथला फुटबॉल क्लब. पहिला प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा इटालियन, मोठं नाव म्हणून आणलेला दाव्हिद त्रेझेगे दहा वर्षं युव्हेंटसला खेळलेला. जर्सीत केशरीबरोबर फ्लॉरेन्सचा जांभळा आला. त्या हिवाळ्यात सुट्टीला आले तेव्हा भाऊ आम्हा सगळ्यांना बालेवाडीला घेऊन गेला. भाचा तेव्हा लहान होता, गळ्यातला जांभळा मफलर त्याने रात्री झोपतानाही सोडला नाही. मला भरून आलं होतं. माझी दोन्ही गावं एका रंगात!

पाच हंगामांत ते संपलं. 2019मध्ये पुण्याचा संघ बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि 2025मध्ये हैदराबादचा संघ उचलून दिल्लीला नेला. त्याआधी 2015च्या सुमारास पुणे एफसी आणि एकच हंगाम खेळलेला भारत एफसी, दोन्ही बंद झाले होते. म्हणजे चार-पाच वर्षांत एका शहराने तीन संघ गमावले. त्यातला एकही मैदानावर हरून खाली गेला म्हणून बंद पडला नाही. मालकांनी हात आखडता घेतला, विषय संपला. मफलर अजून भावाच्या कपाटात आहे.

आता फ्लॉरेन्सचं ऐका. फिओरेन्तीना 1926ची. दोनदा इटलीची विजेती, 1956 आणि 1969मध्ये. 2001च्या जूनमध्ये इटालियन कप जिंकला आणि 2002च्या उन्हाळ्यात क्लब दिवाळखोरीत निघाला. मालक सिनेनिर्माते व्हित्तोरिओ चेक्की गोरी, कर्जाचा डोंगर, त्यात संघ सेरी आ या इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमधून खाली घसरलेला. क्लबचा कागदोपत्री शेवट झाला. नाव गेलं, चिन्ह गेलं. स्टार स्ट्रायकर बातिस्तुताने ज्या जर्सीत गोलांचा पाऊस पाडला तिच्यावरचा हक्कही गेला.

आमच्या चौकातल्या कॉफीबारमध्ये रोज सकाळी एक निवृत्त रेल्वे कर्मचारी येतात. त्यांच्या पाकिटात त्या पुढच्या हंगामाचा पास अजून आहे, कडा झिजून मऊ पडलेला. त्यावर फिओरेन्तीना हे नाव नाही, फ्लोरेंतिया व्हियोला आहे. दिएगो देल्ला व्हाल्ले यांनी गावाच्या मदतीने उभा केलेला नवा क्लब, आणि त्याला प्रवेश मिळाला तो सेरी सी-2मध्ये, चौथ्या पायरीवर. आदल्या वर्षी मिलान, युव्हेंटस आणि आता गुब्बिओ, रिमिनी. मी एकदा त्यांना विचारलं, पास काढताना वाईट नाही वाटलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की आई आजारी पडल्यावर तुम्ही तिच्याकडे जाणं बंद केलं का. हजारो लोकांनी चौथ्या दर्जाच्या सामन्यांचे पास काढले, छोट्या गावांतली छोटी मैदानं जांभळ्या लोकांनी भरून गेली.

त्या संघातली दोन माणसं मला फार प्रिय आहेत. एक आंजेलो दी लिव्हिओ. युव्हेंटसबरोबर युरोपचा कप जिंकलेला माणूस, 2002च्या जूनमध्ये इटलीकडून विश्वचषकात कोरियाविरुद्ध मैदानात उतरलेला. सप्टेंबरात तोच चौथ्या दर्जात खेळत होता, कारण तो सोडून गेला नाही. दुसरा क्रिस्तियान रिगानो. लिपारी बेटावरचा, आधी गवंडीकाम केलेला. त्या वर्षी गोलांचा रतीब त्यानेच घातला. विश्वचषकातला खेळाडू आणि गवंडी एका संघात, हे शिडी असली तरच घडतं. दी लिव्हिओ उतरला त्याच पायऱ्यांवरून रिगानो चढत होता. 2004मध्ये दोघे सेरी आमध्ये होते आणि क्लबने आपलं जुनं नाव परत मिळवलेलं होतं.

इथे भाच्याची बाजूही सांगायला हवी. तो हुशार आहे, त्याने शोधून काढलं की फ्लॉरेन्स प्रत्येक पायरी चढली नाही. 2003मध्ये सेरी बीचे संघ वाढवले गेले तेव्हा महासंघाने फिओरेन्तीनाला तिसरी पायरी ओलांडून थेट दुसरीवर घेतलं. ते इतर क्लबांवर अन्यायाचं होतं, मी मान्य करते. इटलीत क्लब मरतही नाहीत असं नाही. व्हेरोनाच्या कीएव्होला 2021मध्ये लीगमधून बाहेर काढलं, ते मैदानावर नव्हे, थकलेल्या करांमुळे. आणि हा जांभळा रंग मी डोक्यावर घेऊन नाचते तेव्हा 2021च्या ऑक्टोबरची संध्याकाळही आठवते. याच मैदानावर नेपल्सच्या कालिदू कुलिबालीला प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या. क्लबने माफी मागितली. पण पुढचे काही आठवडे मला स्टेडियमच्या रस्त्याने जावंसं वाटलं नाही. इथलं सगळं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पुण्याने फ्लॉरेन्सकडून रंग घेतला, प्रशिक्षक घेतला, आणि ज्यामुळे फिओरेन्तीना वाचली ते घेतलं नाही. खालच्या पायऱ्या होत्या म्हणून फिओरेन्तीनाला कुठेतरी उतरता आलं. आयएसएलच्या 2014पासून 2025पर्यंतच्या एकाही हंगामात एकही संघ खाली गेला नाही. तिथे एकच मजला होता, तो सोडला की थेट रस्ता. गोव्याकडे पाहा. तिथल्या धेंपो क्लबने पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं आणि 2016मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. पण गोव्याची स्वतःची लीग होती, धेंपो तिथे खेळत राहिला आणि 2024-25मध्ये आय-लीगमध्ये परतला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2006मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, 2010मध्ये तो संघ मिटला तो मिटलाच.

"पण पास काढणारी माणसं कुठून आणणार?" भाच्याचा हा प्रश्न मला सर्वांत जास्त लागला. मी त्याला कोल्हापूर म्हटलं, तिथल्या पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियममध्ये या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. तालमीला मालक नाही, त्यामुळे ती विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. फ्लॉरेन्सच्या स्टेडियमात कुर्वा फिएझोले या कट्टर चाहत्यांच्या स्टँडमध्ये उभी असणारी माणसं आणि मंगळवार पेठेतली माणसं यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. फरक वरच्या दिशेला आहे. गुब्बिओला उद्या सेरी आपर्यंत चढायची मुभा नियमांनीच दिलेली आहे. कोल्हापूरची एकही तालीम आजवर देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळलेली नाही.

भाचा त्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, शाहू स्टेडियमला बाहेरच्या माणसाला तिकीट मिळतं का. मी म्हटलं, मिळत असणार, आपण जाऊन बघू. पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला जायचं ठरलंय. तिथे कुठल्या बाजूला बसायचं यावर आतापासूनच ग्रुपवर भांडण सुरू आहे, कारण वहिनीचं माहेर शिवाजी पेठेत आहे.