'एक उमराव' चूक की बरोबर?

नमस्कार. आमच्या लेखातल्या 'उमराव' या शब्दावर तुमचे आक्षेप दोन आहेत. 'उमराव' मुळात अनेकवचन, म्हणून 'एक उमराव' लिहिणं चूक. आणि पेशवाईतल्या रास्ते घराण्याला उमराव म्हणणं त्याहून चूक. दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. पहिला नाही.

अरबीत 'अम्र' म्हणजे हुकूम, 'अमीर' म्हणजे हुकूम करणारा आणि 'उमरा' हे त्याचं अनेकवचन. इथवर तुमचं बरोबरच आहे. १६६३ साली आपल्या लाल महालात तळ देऊन बसलेल्या शाएस्तेखानाचा किताबच मुळी 'अमीर-उल-उमरा', म्हणजे अमीरांचा अमीर. पण शब्द मराठीत रुळला की तो मराठीच्या व्याकरणाने चालतो. 'अहवाल' हे 'हाल'चं अनेकवचन, 'अवलाद' हे 'वलद'चं. तरी आपण 'एक अहवाल' बिनदिक्कत सादर करतो. 'उमराव' तसाच, 'देव'सारखा चालतो: उमराव आला, चार उमराव आले, उमरावाने, उमरावांना. त्यातला 'राव' माधवरावातला नव्हे, त्यामुळे 'उमरराव' हे लेखन मात्र टाळायलाच हवं. 'अमीर-उमराव' ही जोडीही मराठीत द्विरुक्ती वाटत नाही, कारण आपल्याकडे अमीर नुसता श्रीमंत झाला. दर्जा उमरावाकडे राहिला.

आता रास्ते. मोगलाईत उमरावाचा दर्जा मनसबीवर, म्हणजे बादशाही चाकरीतल्या हुद्द्यावर ठरे. ती बादशहा देई, वाढवी, काढूनही घेई. बापाची मनसब मुलाला आपोआप मिळत नसे. पेशवाईतली शब्दयोजना वेगळी. पथक बाळगून लढाईला जाणारा तो सरदार, त्या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम, आणि दरबारात ज्याचा मान ठरलेला तो मानकरी. एकच माणूस सरदार, सरंजामदार आणि मानकरी असू शकतो, पण म्हणून एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नाही. रास्ते पेशव्यांच्या घोडदळाचे सरदार. रास्ता पेठ त्यांच्याच नावाची. त्यांच्यासाठी 'सरदार'च हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

त्याच लेखातल्या फ्रान्सच्या १७८९च्या राज्यक्रांतीवरच्या परिच्छेदात मात्र 'उमराव' तसाच ठेवतो. तिथल्या या वर्गाचा दर्जा बहुतांशी जन्माने येई, पदरी फौज असो वा नसो. 'सरदार' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडा आणि पथकच उभं राहणार.