दुसऱ्याच्या आजीचं कपाट

जुनं फर्निचर विकत आणून त्याचं रूप पालटायचा छंद लावून घ्यायचा असेल, तर पहिली अट अशी की तुमच्या स्वतःच्या आजीचं सामान आधीच भंगारात गेलेलं हवं. शिसवी पलंग, वेताची आरामखुर्ची, सागवानी कपाट हे सगळं आईबाबांनी सनमायकाच्या मोहात किंवा वाडा बिल्डरला देताना मिळेल त्या भावात फुंकलेलं असलं, की तुम्ही पात्र ठरलात. माळ्यावर अजून काही शिल्लक असेल तर तेही काढून टाका. स्वतःच्या आजीच्या कपाटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, दुसऱ्याच्या आजीच्या कपाटाला इतिहासाचा.

आता बाजार. पुणेकरांनी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठावा, रविवारी नाहीतर बुधवारी. मुंबईकरांना चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहे. (शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शुक्रवारीच जा, खर्च तेवढाच कमी.) जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे तर जुनं हवं असेल तर जुनं आणि नवं हवं असेल तर तेही जुन्याच्या नमुन्याबरहुकूम करून मिळतं.

दुकानदार 'बर्मा टीक है सेठ' म्हणाला की मान डोलवा. म्यानमारने २०१४ मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, पण ही बातमी अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही आणि ती पोहोचवणारे आपण कोण? मग तो म्हणेल, राणीच्या काळातलं आहे. अशा वेळी ड्रॉवर उपसून उलटा करायचा नसतो. आत अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले तर पंचाईत. व्हिक्टोरिया राणी वारली १९०१ साली आणि तसले स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात. भुंग्याच्या भोकांत टाचणी खुपसूनही बघू नका. खऱ्या किड्याचं बीळ वाकडंतिकडं जातं, ड्रिलचं भोक सरळ. नव्या लाकडाला साखळीने बडवून चरे पाडणारे आणि खाचाखोचांत काळपट पॉलिश भरणारे कारागीर या धंद्यात आहेत. इतक्या मेहनतीने आणलेलं म्हातारपण एका टाचणीने घालवायचं, हे काही बरं नाही.

टेम्पो, हमाली आणि लिफ्टमध्ये न मावल्याने जिन्यावरून चढवणं हे कपाटाच्या किमतीत धरू नका, म्हणजे किंमत कमी वाटते.

घरी आणल्यावर मिस्त्रींना दाखवलंत तर ते कपाटाभोवती एक चक्कर मारून म्हणतील, "साहेब, एवढं कशाला? वरून सनमायका मारून देतो." त्यांना चहा पाजून परत पाठवा आणि स्वतः कामाला लागा. ८० नंबरचा, म्हणजे चांगला खरखरीत पॉलिश पेपर घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या आडवा, जोर लावून घासा. असे उमटलेले ओरखडे पुढे १२० आणि २२० नंबरच्या बारीक पेपरलाही दाद देत नाहीत, कलाकृतीवर तुमची सही कायमची राहते. कपाटावर जुना ऑइल पेंट असेल तर आणखी मजा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमचं कपाट त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा कोरडंच घासा, पंखा फुल ठेवा, मुलांना शेजारी खेळू द्या. मास्क, ओलं फडकं, पोरांना लांब ठेवणं, ही भित्र्यांची कामं.

मग पॉलिश. लाखेची चपडी, म्हणजे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्यावर सुती फडकं गुंडाळायचं आणि हलक्या हाताने थरावर थर चढवत जायचे. हे काम आषाढात काढा. दमट हवेत लाखेवर अशी पांढुरकी झाक धरते की अस्सल सागही आजारी दिसू लागतो. एवढा धीर नसेल तर सरळ पिस्ता रंग फासा. शंभर वर्षांत लाकडावर उतरलेला रंग आणि रेषा एका दुपारीत झाकायचं दुसरं साधन नाही, आणि फोटोला छान दिसतं.

ज्यांनी टेबलालाही लाखच लावली, त्यांनी त्यावर गरम कप ठेवू देऊ नये, पांढरं वर्तुळ उमटतं. पाहुण्यांनी चहा हातात धरून, उभ्याने प्यावा. काका विचारतील, मग हे एवढं मोठं टेबल कशाला? उत्तर न देता काकांकडे सहानुभूतीने बघा.

काही महिन्यांनी कपाटाच्या पायाशी पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसेल. पुसलीत तरी सकाळी पुन्हा हजर. घाबरू नका, उलट पेढे वाटा. भोकं अस्सल होती, टाचणीची गरजच नव्हती! पूड शेजारच्या नव्या प्लायवूडच्या टीव्ही युनिटखालीही पडू लागली की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. तो आधी विचारेल, हे कपाट कुठून आणलंत? मान ताठ ठेवून सांगा, राणीच्या काळातलं आहे.