ओरिजिनल आहे का हो?

जुना ट्रॅक्टर रिस्टोअर करायला घेतला की आधी वाटतं, आपलं भांडण गंजाशी आहे. पण गंज बिचारा सरळ असतो. तेल सोडा, रात्रभर ठेवा, पान्याला पाईप लावून जोर करा, तो एकतर सुटतो नाहीतर बोल्टचं मुंडकं तोडून मोकळा होतो. खरा छळ करतात ती माणसं. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारतात, खाली वाकतात, मोबाईलचा टॉर्च लावतात आणि विचारतात, "हे ओरिजिनल आहे का हो?"

माझा फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला असे पाच लाखांच्या वर बनले, सगळे राखाडी, त्यामुळे दुर्मिळ-बिर्मिळ काही नाही. पण एवढे बनले म्हणून जाणकारही तेवढेच, आणि त्यांच्यात दोन पंथ. एक म्हणतो कारखान्यातून निघाला तसाच पाहिजे, वॉशरसुद्धा. दुसरा म्हणतो, अरे चालू कर आधी, वॉशरचं काय घेऊन बसलायस. हे दोघे एकाच वेळी माझ्या शेडमध्ये आले की मी पाना खाली ठेवतो आणि चहाचं बघतो, कारण पुढचा तासभर ट्रॅक्टरला हात लागणार नसतो.

आता मडगार्डचंच घ्या. जुन्या मडगार्डला एक भलामोठा पोचा, कडेला कुणीतरी घाईत मारलेलं वेल्डिंग, त्यावर रंगाचे थर, आणि खालचा पत्रा असा चाळणीसारखा की उन्हात धरला तर जमिनीवर ठिपके पडतात. म्हटलं नवीन मागवू. आलं. काय ती चकाकी! बसवायला गेलो तर चार भोकांपैकी दोन जुळली, तिसऱ्यात बोल्ट तिरपा, आणि चौथं भोक ज्याने पाडलं त्याने ट्रॅक्टर फक्त ऐकला असावा. मग कानस घ्या, भोक लांबवा, इकडून ओढा, तिकडून दाबा. शेवटी बसलं, पण पत्रा एवढा पातळ की इंजिन सुरू केलं की तेच जास्त बोलतं. पंथ नंबर एक म्हणाले, "तरी सांगत होतो." पंथ नंबर दोन म्हणाले, "बसलं ना? झालं तर." जुनं मडगार्ड भिंतीला टेकवून ठेवलंय. टाकवत नाही.

विजेचा विषय तर काढूच नका. या ट्रॅक्टरला आधी सहा व्होल्टची बॅटरी असायची, पुढे कंपनीनेच बारा केली. मग ओरिजिनल कुठलं म्हणायचं? बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याच कामाचा नवा अल्टरनेटर लावला की चार्जिंग झकास होतं पण जाणकारांच्या कपाळावर आठी. त्यावरही लोकांनी इलाज काढलाय, बाहेरून हुबेहूब जुना डायनॅमो दिसणारा आणि पोटात अल्टरनेटर असलेला माल मिळतो. वायरही तशीच मिळते, वर सुती विणकाम आणि आत प्लॅस्टिक. म्हणजे आता खोटेपणासुद्धा ओरिजिनल दिसला पाहिजे.

मला तर वाटतं हा सोवळेपणा खुद्द कारखान्यानेही पाळला नव्हता. सुरुवातीच्या टीई-२० ना कॉन्टिनेंटल या अमेरिकन कंपनीचं इंजिन होतं, कारण ठरलेलं, स्टँडर्ड नावाच्या इंग्लिश मोटार कंपनीचं इंजिन अजून तयारच नव्हतं. मग ते आलं, त्यात वेट लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या सुट्या नळ्या, झिजल्या की उपसून नव्या घाला ही मुळातलीच सोय. ज्यांनी बनवला त्यांनीच बदलायचं सांगून ठेवलंय आणि आम्ही लायनर बदलला की सुतक! आणि जगातले सगळ्यात गाजलेले टीई-२० कुठले, तर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर घेऊन गेले ते. त्या ट्रॅक्टरना चाकांवरून पट्टे चढवलेले, चालकाभोवती कॅनव्हासचा आडोसा. ध्रुवावर कुणी टॉर्च घेऊन वाकलं नाही म्हणून बरं.

पण म्हणून सरसकट नवं टाका असंही नाही हं. गिअरची दांडी बघा. ती 'एस' या खुणेवर ढकलली की स्टार्टर फिरतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना स्टार्टर मारताच येत नाही, काय डोकं लावलंय राव. त्या दांडीची मूठ एका बाजूने चपटी झालीय, कुणाकुणाच्या तळहाताने इतक्या वर्षांत घासून. नवी मूठ मिळते, गोल गरगरीत. नको. ब्रेक लायनर मात्र बिनदिक्कत नवे, जुन्यात ॲस्बेस्टॉस असायचं, त्या पावडरीत फुंकर मारण्याइतकं प्रेम माझं नाही. टायर नवे. वायरिंगही नवं, आग लागली तर ती ओरिजिनल का डुप्लिकेट असं कोण विचारणार. हाताला लागतं ते जुनं राहू दे आणि जीवावर बेततं ते नवं, एवढा साधा हिशोब. हा हिशोब पंथ नंबर एकना सांगितला तर ते टायरकडे बघून म्हणाले, "वॉल्व्ह कॅप प्लॅस्टिकच्या आहेत."

परवा एक गृहस्थ आले. बोनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नव्या रंगाची स्तुती नाही, थेट भिंतीपाशी. मडगार्ड उलटंपालटं करून बघितलं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे ओरिजिनल आहे. देता का?"

म्हटलं, विकायचं नाहीये.

"विकू नका हो. माझ्याकडे कार्ब्युरेटरचा जुना फ्लोट आहे, त्या काळातला, जरासा गळतो एवढंच."

विचार करतो म्हणालो. गळतो म्हणजे किती, ते बघून येईन म्हणतो रविवारी. टॉर्च नेलेला बरा.