गिटारसाठी मोठा कंडेन्सरच लागतो, तोही साउंडहोलसमोर? नाही हो

एक सल्ला सध्या फार फिरतोय की घरी ॲकॉस्टिक गिटार रेकॉर्ड करायची तर मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने हलणाऱ्या आतल्या पातळ पडद्याचा) कंडेन्सर माइकच, म्हणजे वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक घ्या आणि तो सरळ साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकासमोर लावा. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या नाहीत, आणि नवीन शिकणारी पोरं यापायी उगाच पैसे घालवतात म्हणून लिहितोय.

आधी साउंडहोलचं बघू. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि बाहेर पडते ती तिथूनच, त्यात कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक अगदी जवळ नेला की बेस आणखी फुगतो, मग रेकॉर्डिंगमध्ये नुसतं घुमणं ऐकू येतं आणि तारा कुठेतरी मागे राहतात. त्यापेक्षा १२व्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २०-३० सेंमीवर माइक ठेवा, तोंड किंचित बॉडीकडे, आणि हेडफोन लावून थोडा थोडा सरकवत ऐका, इंचभरानेसुद्धा फरक पडतो, खरंच.

आता माइक. मोठा डायफ्राम वाईट नाहीये, पण तारांचा नि पिकचा बारीक आवाज छोट्या डायफ्रामचा पेन्सिल कंडेन्सर जास्त स्वच्छ पकडतो असं माझं मत. आणि जवळ शुअर एसएम५७ पडलेला असेल, १९६५ पासून मिळणारा साधा डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माइक, तर स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम वाजवताना, तोच लावा की! फक्त त्याला गेन बराच द्यावा लागतो, म्हणजे त्याचा सिग्नल खूप वाढवावा लागतो, त्यामुळे हळू फिंगरस्टाइल वाजवताना स्वस्त इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) हिस्स, म्हणजे सूं असा आवाज, वर येतो, तिथे मात्र कंडेन्सर बरा.