पूल होईल तेव्हा होईल, उतार आत्ता सुरक्षित करा

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंबई-बंगळुरू महामार्गावरच्या नवले पुलाजवळ एक कंटेनर उतारावरून भरधाव खाली आला, पुढच्या गाड्यांना चिरडत गेला आणि पेटला. आठ जणांचा जीव गेला. त्याआधी तीन वर्षं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ह्याच उतारावर एका अवजड वाहनामुळे ४८ गाड्यांचा चुराडा झाला होता. दोन्ही वेळा आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद रंगला. एक बाजू म्हणाली, ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, त्यांना आत टाका. दुसरी बाजू म्हणाली, उन्नत मार्ग, म्हणजे महामार्गाची वाहतूक वरून नेणारा लांब पूल, झाल्याशिवाय हे थांबणार नाही. मी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या उत्तरेला येव्हले शहरात राहतो. माझे आईवडील नवले पुलाजवळच्या नऱ्ह्यात राहतात आणि आतेभाऊ रोज धायरीहून त्याच रस्त्याने हिंजवडीला बाईकवर जातो. त्यामुळे हा वाद मला लांबून बघता येत नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. चालक सुधारेपर्यंत आणि पूल उभा राहीपर्यंत मधल्या वर्षांत त्या रस्त्याचं काय करायचं, हे कुणी बोलत नाही. माणसं मरतात ती ह्याच मधल्या वर्षांत.

येव्हलेहून उत्तरेकडे जाणाऱ्या ई-४ महामार्गाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. साधारण १३ मीटर रुंद रस्ता, समोरासमोर वाहतूक, मध्ये फक्त रंगाची रेघ. ओव्हरटेक करताना किंवा डोळा लागून गाडी पलीकडे गेली की समोरासमोर धडक. चौपदरी करायला पैसा आणि वेळ दोन्ही लागणार होतं. म्हणून १९९८ मध्ये रस्त्याची रुंदी होती तेवढीच ठेवून तिचे तीन पदर पाडले. एका दिशेला दोन, दुसऱ्या दिशेला एक आणि काही अंतराने अदलाबदल. मधोमध पोलादी दोरांचा कठडा. पूर्ण महामार्ग बांधण्याच्या मानाने खर्च किरकोळ. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले, आणि आज स्वीडनमध्ये असे दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत.

हा कठडा जवळून बघितला की त्यामागचा विचार कळतो. बारीक खांब, त्यांच्यात ओवलेले दोर. हिवाळ्यात गाडीतून जाताना कुठे ना कुठे पाच-सात खांब आडवे झालेले दिसतात. कुणाची तरी गाडी बर्फावरून घसरली, दोरांनी ती झेलली आणि माणूस बहुधा घरी गेला. मग दुरुस्तीवाले येतात, वाकलेले खांब उपसून नवे रोवतात. ह्या दुरुस्तीचा खर्च दरवर्षी येणार हे धरूनच रस्त्याचा हिशेब मांडलेला असतो. माणूस चुकणार हे रस्ता बांधणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं आहे.

ह्यामागे १९९७ मध्ये इथल्या संसदेने मान्य केलेलं धोरण आहे: रस्त्यावर कुणीही मरू नये किंवा कायमचं जायबंदी होऊ नये, आणि ती जबाबदारी चालकाइतकीच रस्ता आखणाऱ्याचीही. त्या वर्षी इथे ५४१ माणसं रस्त्यावर मेली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा २०० ते २३० च्या घरात असतो. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. २००७ पर्यंत मृत्यू निम्मे करायचं ठरलं होतं, ते जमलं नाही. मोटारसायकलवाल्यांनी दोरांच्या कठड्याला कडाडून विरोध केला. कठडा नसलेल्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० वर आणली, तेव्हा उत्तरेकडच्या गावांनी विचारलं, रस्ता नीट करायचा सोडून आमचा वेग का कापता? हा प्रश्न इथे अजून धुमसतो आहे.

आतेभावाचं म्हणणं असं, "तुमच्याकडे अख्ख्या देशात कोटभर माणसं. इथे एका पुलाखाली किती उभी असतात ते ये आणि बघ." ते खरंच आहे. नवले पुलाशी सातारा-कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या गाड्यांची वाट बघणारे प्रवासी असतात, रिक्षा असतात, सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यात घुसणाऱ्या दुचाक्या असतात. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारी. येव्हलेचा दोर आणून नवले पुलावर बांधा असं मी म्हणतच नाही. तिथला धोका समोरासमोरच्या धडकेचा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ट्रक काही किलोमीटर सलग उतरत राहतो, ब्रेक तापतात, आणि ज्या ठिकाणी त्यांची सगळ्यात जास्त गरज असते तिथे शहर येऊन उभं राहिलेलं असतं. उपायही त्याच उतारावर, वरपासून खालपर्यंत करायला हवेत.

आपल्याकडे मात्र पैसा 'ब्लॅक स्पॉट' बघून सुटतो. सरकारी व्याख्येनुसार पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे जागा यादीत येण्याआधी तिथे माणसं गेलेली असतात. शिवाय ट्रकचा ताबा जिथे सुटतो ती जागा आणि तो जिथे आदळतो ती जागा वेगवेगळी. पुलापाशी रम्बलर (वेग कमी करायला रस्त्यावर केलेले उंचवटे) आणि फलक लावून वरच्या दोन किलोमीटरमध्ये मिळालेला वेग कसा उतरणार? आखणी बोगद्यापासून थेट वारज्यापर्यंत एकत्र व्हायला हवी. अवजड गाड्यांना बोगद्यात शिरण्याआधी सक्तीने थांबवून ब्रेक तपासायची जागा, खालच्या गिअरची सक्ती आणि वेग मोजणारे कॅमेरे, ताबा सुटलेली गाडी शिरवायला खडीचा चढा रॅम्प, प्रवाशांसाठी मुख्य रस्त्यापासून बाजूला थांबा, पायी ओलांडायला वेगळी सोय. ह्यातल्या कशासाठीच उन्नत मार्गाची वाट बघायची गरज नाही.

आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून पूर्ण पट्टा हातात घेतला. प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा तपास केला, उघडे खांब आणि कठीण कडा झाकल्या, कठडे बसवले, रुग्णवाहिकेची व्यवस्था सुधारली. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले होते. २०१९ पर्यंत, म्हणजे टाळेबंदीच्याही आधी, ते शंभराच्या खाली आले. घाटही तोच होता आणि ट्रकवालेही तेच.

खरा अडसर पैशाच्या वाटेचा आहे. स्वीडनमध्ये राष्ट्रीय वाहतूक आराखडा बारा वर्षांचा असतो आणि साधारण चार वर्षांनी नव्याने मांडला जातो. कुठल्या पट्ट्यावर कधी काम होणार ते त्यात लिहिलेलं असतं. तिथल्या माणसाला ते पटो न पटो, भांडायला हातात कागद असतो. आपल्याकडे सुरक्षेची कामं मोठ्या प्रकल्पाच्या शेपटीला बांधलेली असतात. प्रकल्प अहवाल लांबला, भूसंपादन अडलं की शेपूटही अडकते. ह्याच महामार्गावर खेड शिवापूरला आपण टोल भरतो. त्या टोलचा ठरावीक हिस्सा त्याच पट्ट्याच्या सुरक्षेसाठी बाजूला ठेवला, तो दुसरीकडे वळवता येणार नाही असं ठरवलं आणि दर सहा महिन्यांनी त्याचा हिशेब लावला, तर नवीन कर लागणार नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत सदोष रस्त्यासाठी आखणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला दंडाची तरतूद आली, पण तो जास्तीत जास्त एक लाख रुपये. तेवढ्याने कुठल्याही ठेकेदाराला फरक पडत नाही.

उन्नत मार्गाला माझा विरोध नाही. शहराबाहेरून जाणारी वाहतूक वरून गेली तर नऱ्हे-वडगावकरांना श्वास मिळेल. पण उतार तेव्हाही उतारच राहील, आणि तोवर माझा आतेभाऊ रोज सकाळी त्याच रस्त्याने जाणार. पुण्यातल्या खासदार-आमदारांच्या पुढच्या बैठकीत पुलाचं चित्र दाखवलं जाईल तेव्हा नागरिकांनी आधी एवढंच विचारावं: बोगदा ते नवले पूल ह्या पट्ट्यावर येत्या बारा महिन्यांत कोणती कामं होणार, त्यांचा पैसा कोणत्या खात्यातून येणार, आणि ती झाली नाहीत तर उत्तर द्यायला कोणत्या अधिकाऱ्याने यायचं?