थोरले बार्नबी, धाकटे बार्नबी

रहस्यकथेतले रहस्य शेवटपर्यंत टिकावे एवढी माफक अपेक्षा बाळगून मी रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसतो आणि ती अपेक्षा पहिल्या वीस मिनिटांतच मारली जाते; खुनी आमच्या घरातलाच असतो. आम्ही रेडिंगला राहतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाईंना पावसाखेरीज इंग्लंडमधली एकच गोष्ट नीट ठाऊक झाली आहे, ती म्हणजे आयटीव्ही थ्रीवर पुनःपुन्हा दाखवली जाणारी ‘मिडसमर मर्डर्स’. १९९७ साली सुरू झालेली ही मालिका ज्या परगण्यात घडते तो नकाशावर नाही, आणि नाही तेच बरे; कारण तिथली गवताने शाकारलेली घरे आणि चर्चच्या घंटा यांवर भाळून कोणी तिथे राहायला गेलाच, तर तो पुढचा भाग पाहायला उरायचा नाही.

सासूबाईंना संवाद निम्मेच कळतात, पण त्यांचे त्यावाचून काही अडत नाही. “जावईबापू, हिनेच मारला. नवऱ्याचं प्रेत अजून घरात आहे आणि ही बागेत गुलाब छाटतेय!” दीड तासाने, जाहिराती धरून दोन तासांनी, मालिकेतले पोलीस अधिकारी बार्नबीसाहेब त्याच बाईच्या दारात उभे राहतात. चीफ इन्स्पेक्टरचा पगार कोणाला मिळायला हवा, हा प्रश्न मी गिळतो.

खरे भांडण मात्र शेजारचे आजोबा चहाला आले की सुरू होते. त्यांच्या मते ८१ भागांनंतर २०११ मध्ये थोरल्या बार्नबींची भूमिका करणारे जॉन नेटल्स बाहेर पडले त्या दिवशीच मालिका संपली. माझी बायको धाकट्या पातीची. नील डजनचा बार्नबी तिला अधिक माणसातला वाटतो, शिवाय त्याच्याकडे साइक्स नावाचा कुत्रा होता. नवे साहेब जुन्या साहेबांचे चुलतभाऊ, हे कळल्यावर सासूबाईंनी “अनुकंपा तत्त्वावर लागला असेल” असा निकाल दिला, ज्याचे इंग्रजी करून आजोबांना सांगणे मला आजतागायत जमलेले नाही.

धाकट्या साहेबांच्या काळात, २०१३ सालच्या एका भागात, चीजच्या जाडजूड चाकाने एक बाई मरते. आजोबांना ते फार लागले आहे. पूर्वी मरणालासुद्धा काही पोच होता, असे ते म्हणाले, तेव्हा मी न राहवून २००५ चा भाग काढला, ज्यात एका गृहस्थाला क्रोके या हिरवळीवरच्या खेळातल्या कमानींनी हिरवळीवर जखडून गोफणयंत्रातून त्याच्यावर बाटल्या फेकल्या जातात आणि साहेब थोरलेच असतात. आजोबांनी चहात बुडवलेले बिस्किट शांतपणे बाहेर काढले, ते अर्धे गळून कपात पडेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, “पण वाइन उंची होती.”

गेल्या शनिवारी सासूबाईंना वॉलिंगफर्डला नेले. मालिकेतले कॉस्टन गाव म्हणून हेच दाखवतात. बाजारचौकात रोपे विकणाऱ्या एका गोड म्हातारीने हसून त्यांच्यापुढे गुलाबाचे रोप धरले. तिच्या दुसऱ्या हातात छाटणीची कात्री होती. सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली आणि हसू तसेच ठेवून पुटपुटल्या, “सुटे पैसे द्या आणि चला. पाठ मात्र फिरवू नका.”