भाडेकरूला हक्क दिले की घर जातं?

इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासून भाडेकरू हक्क कायदा लागू झाला. नेमका महाराष्ट्र दिनी, हा निव्वळ योगायोग. इथल्या मराठी घरमालकांत तेव्हापासून दोनच पक्ष आहेत: 'विकून मोकळे व्हा' आणि 'बघू काय होतं ते'. रेडिंग, स्लाव, हॅरो या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेल्या बऱ्याच जणांनी मोठं घर घेताना आधीचा छोटा फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला. मीही त्यातलीच. कोथरूडलाही आमचा एक टू बीएचके भाड्याने आहे, त्याचा व्यवहार दीर बघतात. नव्या कायद्याचं ऐकून ते फोनवर म्हणाले, "वहिनी, म्हणजे तिकडेही आता पागडीच की!"

भाऊजींची भीती पोकळ नाही. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने दोन गोष्टी एकत्र बांधल्या. भाडेकरूला सहज काढता येणार नाही, ही एक. आणि भाडं 1940च्या पातळीवर गोठलेलं राहील, ही दुसरी. काही शेकड्यांच्या भाड्यात मालकाने चाळीची डागडुजी कुठून करायची? इमारती खचल्या, व्यवहार पागडीत, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी रोख घेण्यात गेला, आणि डिसेंबर 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की प्रमाणित भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर आलेला 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. पण मराठी घरमालकाच्या मनात 'भाडेकरूला हक्क' आणि 'घर गेलं' यांची जी गाठ बसली, ती सुटलेली नाही.

इंग्लंडनेही हे भोगलंय. 1988 पूर्वी इथेही नियंत्रित भाडी होती, आणि खासगी भाड्याची घरं एकूण घरांच्या दहा टक्क्यांच्या आसपास उरली होती. 1988च्या कायद्याने भाडी मोकळी केली आणि मालकाच्या हातात कलम 21 दिलं: कारण न सांगता दोन महिन्यांची नोटीस. या दोन्हींपैकी आता गेलंय ते हे कलम. भाडं बाजारभावानेच ठरतं. वर्षातून एकदा, दोन महिने आधी ठरलेल्या नमुन्यात नोटीस देऊन वाढवता येतं. भाडेकरूला ते जास्त वाटलं तर तो न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि तिथे मालकाने मागितलं त्याहून जास्त ठरत नाही. पागडीच्या जुन्या गाठीतला एकच पदर इंग्लंडने उचललाय, दुसरा नाही. म्हणून भाऊजींची तुलना मला पटत नाही.

मग मालकाने करायचं काय? सगळ्यात आधी मुदतीचा नाद सोडायचा. सहा महिन्यांचे, वर्षाचे करार संपले. सगळ्या भाडेकरारांना आता शेवटची तारीखच नाही. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही जाऊ शकतो. मालकाला मात्र कारण दाखवावं लागतं. घर विकायचं असेल किंवा स्वतःला, आईवडिलांना, मुलांना राहायला हवं असेल, तर चार महिन्यांची नोटीस, तीही पहिलं वर्ष संपल्यावरच लागू होईल अशी. आणि 'विकतोय' म्हणून घर रिकामं करून घेतलं की बारा महिने ते पुन्हा भाड्याने देता येत नाही. मुलगी दोन वर्षांनी शिकायला येणार आणि तिथे राहणार असेल, तर हा हिशोब आजच मांडायला हवा.

दुसरं म्हणजे कागद. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंना सरकारी माहितीपत्रक 31 मेपर्यंत देणं बंधनकारक होतं. अशा चुकांना 7,000 पौंडांपर्यंत दंड आहे, गंभीर गुन्ह्यांना 40,000पर्यंत. भाडं थकलं म्हणून घर परत मागायला पूर्वी दोन महिन्यांची थकबाकी पुरे होती, आता तीन महिन्यांची लागते आणि नोटीस चार आठवड्यांची. त्यात कोर्ट संथ. इथे मालकांची तक्रार रास्त आहे, आणि सरकारने कोर्ट सुधारण्याआधी कायदा आणला हे मला चुकीचंच वाटतं. पण यावर उपाय एकच: पहिल्या चुकलेल्या हप्त्यालाच लेखी निरोप, भाड्याची नीट नोंदवही, प्रत्येक दुरुस्तीची तारीख. पूर्वी एजंट 'नोटीस देऊन टाकू' म्हणायचा आणि ढिसाळ मालकही निभावून जायचा. आता न्यायाधीशासमोर पुरावा ठेवावा लागतो.

ओल आणि बुरशी हा तिसरा, आणि माझ्या मते खरा मुद्दा. रॉचडेलमध्ये 2020 साली दोन वर्षांचा एक मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाने झालेला अवाब कायदा ओल-बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत सोडवायला लावतो. सामाजिक घरांना (पालिका आणि गृहसंस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांना) तो ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे, पुढे तो खासगी घरांनाही लागू व्हायचा आहे. 'खिडक्या उघड्या ठेवा' हे उत्तर चालणार नाही. एक्झॉस्ट फॅन आत्ताच बदललेला बरा.

या कायद्याचा एक फटका मात्र आपल्याच मुलांना बसतोय. मास्टर्सला आलेल्या पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याला इथे ना पगार, ना कर्जाचा इतिहास. आजवर तो सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून घर मिळवायचा. आता करारावर सही होण्याआधी भाडं घेता येत नाही, आणि सहीनंतर घर ताब्यात देईपर्यंत एका महिन्यापुरतंच. म्हणजे इथला जामीनदार शोधा, आणि तो सगळ्यांना कुठून मिळणार! मालकांनी अशा मुलांना सरसकट नाही म्हणण्यापेक्षा भाडेहमीचा विमा घेऊन बघावा.

आता कोथरूड. तिथे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आम्ही मंत्रासारखा जपतो. खरं तर महाराष्ट्रात करार कितीही महिन्यांचा असो, 1999च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करावीच लागते, आणि ती जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही राहणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट शुल्क मागता येतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. एवढं संरक्षण असताना दर अकरा महिन्यांनी नवा माणूस, नवा रंग, मधला रिकामा महिना, आणि एजंटला दोन्हीकडून दलाली, हे नक्की कुणाच्या फायद्याचं? केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यात, म्हणजे राज्यांसाठीच्या नमुन्यात, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना ती पाच आठवड्यांची, आणि तीही सरकारमान्य योजनेत संरक्षित करावी लागते. आपल्याकडे वाद व्हायला हवा तो यावर. व्हॉट्सअॅपवर होतो तो बॅचलर चालतील का यावर.

भाऊजींना मी सुचवलंय की आताच्या कुटुंबाशी छत्तीस महिन्यांचा करार करा, दरवर्षीची वाढ आधीच लिहून घ्या. ते म्हणाले, "एजंटला विचारून सांगतो." एजंट अजून विचार करतोय.